शिंपणे बेटाची चव

दर बुधवारी सकाळी आठला जहाज लागायचं आणि प्रवासी उतरून शिंपणे बेट चाटायचे. पहिल्या मोसमात बेटावरच्या लोकांना ते विचित्र वाटलं. दुसऱ्या मोसमात सवय झाली. तिसऱ्या मोसमात सुलक्षा केळुसकरने जेटीवरच्या तिकीट खिडकीतली नोकरी सोडली आणि स्वतःच्या सहली सुरू केल्या.

जहाजाच्या स्वतःच्या सहली असायच्याच. चार मोठ्या बस, छातीवर नंबराचं स्टिकर, पुढे झेंडा धरलेला माणूस. किल्ल्याच्या तटाशी चाळीस जणांना ओळीने उभं करायचे, प्रत्येकाला दोन हात भिंत आणि बारा मिनिटं. शिट्टी वाजली की जिभा आत. पुष्कळांना हे आवडायचं नाही. असे लोक दोन-दोन महिने आधी सुलक्षाला लिहायचे, की आम्हाला गर्दी नको, आम्हाला निवांत चाटायचं आहे. ती उलट कळवायची : जेटीच्या गेटाबाहेर पांढरी व्हॅन असेल, तुमच्या नावाची पाटी असेल, एका व्हॅनमध्ये आठच माणसं, साडेतीनला परत गेटावर. खाली जाड अक्षरांत लिहायची : जहाज पाचला सुटतं, ते कुणासाठी थांबत नाही.

तिने कधी उशीर होऊ दिला नव्हता. पहिल्या मोसमात जहाजाच्याच बसमधला एक गवती टोपीवाला गृहस्थ मागे राहिला होता. बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला तो लागला होता आणि भोंगा त्याला ऐकू गेला नाही. जहाज गेल्याचं कळलं तेव्हा त्याला वाईटही वाटलं नाही. अकरा दिवस तो त्याच जागी चाटत होता. बाराव्या दिवशी भिंतीला माणसाच्या आकाराचं भोक होतं आणि तो नव्हता. तेव्हापासून त्या आळीत सकाळी उठल्यावर मांडणीवरची भांडी ओली असतात.

बेटाला सवय झाली, पण सुलक्षाला झाली नाही. तिला किळस यायची. आठ जिभा एका वेळी खरखरीत चिऱ्यावर फिरायला लागल्या की जो आवाज होतो, तो तिला जेवताना ऐकू यायचा. उन्हात वाळलेल्या थुंकीला शिळ्या पेजेसारखा वास येतो. तो तिच्या ओढणीत बसायचा आणि धुऊन जायचा नाही. भेंडीची भाजी तिने सोडली होती. पाकीट चिकटवायची वेळ आली तर ते दुसऱ्या कुणाकडे द्यायची. व्हॅन चालवणारा इनास रोज संध्याकाळी सीट फिनेलने पुसायचा आणि तिला सांगायचा, "थंय बघू नको बाय. मी आरसो फिरवन ठेवलंय."

चौथ्या मोसमापर्यंत बेट बरंच झिजलं होतं. किल्ल्याचा तट गुडघ्याला लागत होता. लाइटहाऊस मधोमध मनगटाएवढं बारीक झालं होतं आणि वारा आला की दिवा डुलायचा. जांभा दगड, जो पूर्वी अनवाणी पायांना टोचायचा, तो साबणासारखा गुळगुळीत झाला होता. माणसं घसरून पडायची. बेटाला फेरी मारणारा रस्ता अकरा किलोमीटरचा होता, तो सात झाला, मग पाच. रस्ता कमी झाला तरी जहाज पूर्वीइतकाच वेळ थांबायचं. उरलेल्या वेळेचं काय करायचं, हा सुलक्षापुढचा प्रश्न होता.

त्या बुधवारच्या गटाचे म्होरके श्रीयुत विद्वांस होते. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, सोबत त्यांच्या पत्नी. विद्वांसांनी आधी एकोणीस पत्रं पाठवली होती. व्हॅनमध्ये बसताच त्यांनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि ती रुमालात टाकली. त्यांची जीभ स्वच्छ, फिकट आणि रुंद होती. खिशात एक वही होती. तीत ते प्रत्येक जागेची चव टिपून ठेवत.

किल्ल्याशी ते वाकले, एकदा चाटलं आणि सरळ उभे राहिले.

"हे आधीच कुणीतरी चाटलेलं आहे."

"चार मोसम झाले," सुलक्षा म्हणाली.

"पण गर्दीची ठिकाणं टाळू असं तुम्ही लिहिलं होतं."

तसं तिने लिहिलं होतं. बाकीच्या सात जणांनीही जिभा आत घेतल्या आणि तिच्याकडे पाहिलं. कुणी तक्रार केली नाही. ते शांतपणे व्हॅनमध्ये जाऊन बसले.

जुन्या शाळेचा उंबरठा झाला. मिठागराचा बांध झाला. बारा वाजायच्या आत लाइटहाऊस झालं. तिथे विद्वांसबाई म्हणाल्या की काही लागतच नाही, नुसतं पाणी चाटल्यासारखं वाटतं. सुलक्षाने शहाळी फोडून दिली. त्यांनी पाणी ओतून टाकलं आणि सालं चाटली. एका माणसाच्या हनुवटीवरून तार लोंबत होती. ती शहाळ्याला टेकली, ताणली गेली आणि तुटली नाही. सुलक्षा समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"पुढे काय आहे?" विद्वांसांनी विचारलं.

पुढे फार काही नव्हतं. इनासने व्हॅन सोडली. माडांमधून वळण आलं, त्यानंतर उतार असायचा, तो आला नाही. त्यानंतर मच्छीवाल्यांचा ओटा असायचा, तोही आला नाही. व्हॅन आणखी एका वळणावरून गेली आणि सुलक्षाच्या घरासमोर उभी राहिली. त्याच्यापुढे रस्ता नव्हता. तो चाटून संपला होता.

इतक्या मोसमांत तिने एकाही माणसाला आपल्या घराकडे आणलं नव्हतं. घराच्या भिंती अजून खरखरीत होत्या. ओसरीवर तिचे वडील आरामखुर्चीत बसले होते. आबा पन्नास वर्षं बोटीवर तांडेल होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि दिवसभर ओसरीवर असायचे.

विद्वांसांनी काच खाली केली. "हे यादीत नव्हतं."

"हे माझं घर आहे. इथे थांबायचं नाही. इनास, वळव."

"वळवूक जागा नाय," इनास म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. मागच्या चाकांखालचा रस्तासुद्धा व्हॅनएवढाच उरला होता.

दार सरकलं. आठही जण उतरले. त्यांनी पायरीशी चपला आणि बूट काढले, जोड जुळवून ठेवले. त्यांच्या या सभ्यपणाचीच सुलक्षाला सगळ्यात जास्त शिसारी आली.

"या, बसा," आबा म्हणाले. "कोण गो हे?"

"कोणी नाही आबा. निघालेत."

पण ते बसले होते, खुर्चीभोवती, जमिनीवर. आबांनी त्यांना एका वादळाची हकिगत सांगायला घेतली. सुकाणू मोडलं होतं आणि दोन दिवस दोर हाताने धरून बोट वाऱ्यावर ठेवली होती. सगळे मन लावून ऐकत होते. सुलक्षाने ती हकिगत बऱ्याच वर्षांत पुरती ऐकली नव्हती. दोराने कापलेला व्रण दाखवायला आबांनी तळहात पुढे केला.

"बघू का?" विद्वांसबाईंनी विचारलं. त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एकदा चाटला. पानावरचं श्रीखंड संपवताना बोट फिरवावं, इतक्या सावकाश.

आबा हसले. "गुदगुल्या होतंत."

"बंद करा," सुलक्षा म्हणाली.

"त्यांची हरकत दिसत नाही," विद्वांस म्हणाले.

"माझी आहे."

"आपण त्यांनाच विचारू." ते आबांकडे वळले. "आजोबा, चालेल ना?"

आबांनी सुलक्षाकडे पाहिलं. "होऊ दे गो," ते म्हणाले. "इतकी वर्सां कोणी हात लावूक नाय माका."

ती त्यांचे कपडे धूत होती, वेळेवर ताट वाढत होती, औषधाच्या गोळ्या बशीत काढून ठेवत होती. ताट ठेवून ती हात मागे घ्यायची. गोळ्या त्यांनी बशीतूनच उचलाव्यात असा तिचा आग्रह असायचा. आपल्याला माणसाच्या ओल्या कातडीची किळस येते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ते पाळीपाळीने पुढे आले. कुणी ढकललं नाही. व्रण आधी गेला. मग दंडावरचं गोंदण गेलं. ते निळा नांगर होऊन एका बाईच्या जिभेवर उमटलं आणि ती गिळताना आत गेलं. कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या, भुवया गेल्या. नाक हळूहळू बसत गेलं. आबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, जोवर चेहरा होता तोवर.

"सुलक्षा," त्यांनी हाक मारली. ती पुढे गेली. "सुलशा," ते म्हणाले. मग "सुला." त्यांच्या तोंडातली कठीण अक्षरं झिजत होती. शेवटी "उआ" एवढंच यायला लागलं.

तिने विद्वांसांची कॉलर धरून मागे ओढलं. ते कागदाच्या पिशवीइतके हलके होते. तिचा हात कोपरापर्यंत ओला झाला. अंग मागे आलं, पण जीभ आबांच्या खांद्यालाच चिकटून राहिली. ती लांब होत गेली, हातभर, दोन हात, पारदर्शक झाली, आणि मग सुटली. आवाज ओल्या फरशीवरून पायपोस उचलल्यासारखा आला. विद्वांसांनी जीभ गोळा करून तोंडात घेतली, सदरा नीट केला आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सुलक्षा जास्वंदीच्या आळ्यात ओकली. तोंड पुसून वर पाहिलं, तर रांग थोडी पुढे सरकली होती. मध्ये एका माणसापुरती जागा रिकामी होती. ती तिच्यासाठी सोडली होती.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांना इथेच ठेवावं, त्यांचं जहाज जाऊ द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग ते इथेच राहतील, हे लक्षात आलं. आठ जण, ओसरीवर, रोज.

"तीन वाजून दहा मिनिटं झाली," ती मोठ्याने म्हणाली. "जहाज थांबत नाही."

तेवढं पुरलं. सगळ्यांनी तोंडं टिपली, पायरीशी जाऊन पादत्राणं घातली, व्हॅनमध्ये बसले. आठ माणसं मोजून गेटावर परत द्यायची आणि तिथे तिनेच सही करायची, असा नियम होता. आबांना खुर्चीत तसंच सोडून तिला जावं लागलं. इनासने गाडी उलटीच मागे नेली. सुलक्षा प्रवाशांकडे तोंड करून बसली आणि वाटेत एकदाही डोळे मिटले नाहीत.

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना ते गेटावर पोचले. तिने आठ मोजले आणि सही केली. विद्वांस सगळ्यांत मागे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"इतक्या बंदरांना उतरलो, पण असं कुठे मिळालं नाही. पुढच्या बुधवारी माझे मेहुणे येतायत, सात जण आहेत."

"बेट संपलंय," सुलक्षा म्हणाली.

"नाही, नाही. बेटाचं सोडा. मी त्यांना वडिलांबद्दलच कळवणार आहे." ते जरा थांबले. त्यांनी वही उघडली, मिटली. "लिहायला बसलो, पण शब्द सापडत नाही. ती चव म्हणजे... तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तर मुलगी."

ते शिडी चढून गेले.

इनासने तिला घरी सोडलं तेव्हा ओसरीवर माश्या बसल्या होत्या. खुर्चीत आबा होते. ते लोडाएवढे झाले होते, फिकट, गुळगुळीत आणि कोमट. डोळे नव्हते, तरी तिच्या पावलांच्या दिशेला ते किंचित वळले. सगळ्या अंगावर थुंकी वाळून पापुद्रा धरला होता.

तिने चुलीवर पाणी तापवलं. परात आणली, साबण आणला, नारळाचा काथ्या आणला. ओढणीचा पदर नाकावर बांधला आणि आबांना उचललं. लहानपणानंतर पहिल्यांदाच ती त्यांना इतकी बिलगली होती. ते हातातून निसटत होते. तिने परातीत धरून त्यांना घासलं. पापुद्रे निघाले, त्यांच्या तारा झाल्या आणि तिच्या बोटांना गुंडाळल्या. तीन वेळा पाणी बदललं. चौथ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं.

मग तिने पदर सोडला, त्यांना मांडीवर घेतलं आणि वास घेतला. आबांना विडीचा वास यायचा, वल्ह्याच्या तेलाचा यायचा, कितीही धुतलं तरी न जाणारा मासळीचा यायचा. आता फक्त साबणाचा येत होता. तिने एका बाजूने हुंगलं, दुसऱ्या बाजूने हुंगलं. आबांची चव पुढच्या बुधवारी येणाऱ्या सात जणांना कळेल, विद्वांसांना कळलं आहे, निळा नांगर गिळलेल्या बाईला कळलं आहे. मांडीवर आहेत ते आबाच, हे कशावरून म्हणायचं, ते तिला कळेना.

तिने त्यांना पालथं केलं. डावा कान जिथे होता त्याच्या मागे, एका घडीत, चिंचोक्याएवढी जागा राहून गेली होती. तिथे कुणाची जीभ पोचली नव्हती. काथ्याही पोचला नव्हता. ती जागा काळी, खरखरीत होती. तीन पांढरे केस होते आणि मिठाचे बारीक कण चिकटलेले होते.

तिने नाक तिथे टेकवलं. साबण.

"उआ," आबा म्हणाले.

खाडीवरून जहाजाचा भोंगा ऐकू आला. पाच वाजले होते. सुलक्षाने डोळे घट्ट मिटले, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.