वैजंती परत येते

माझ्या नातीचं, शिलाचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२३ साली, सासरच्या गाडीत बसता बसता तिनं तिचा जुना मोबाईल माझ्या हातात कोंबला.

"दादा, यात एक ग्रुप टाकलाय तुमच्यासाठी. सिनेमावाल्या लोकांचा. बोलत राहा त्यांच्याशी, न्हाईतर दिवसभर आजीशी भांडत बसाल."

"आता त्यांच्याशी भांडंल," माझी बायको रूपाबाई डोळे पुसत म्हणाली. "याला माणूस पायजे फक्त."

नात गेली, मोबाईल राहिला. ग्रुपचं नाव 'जुना पडदा'. दीडशेक माणसं, बहुतेक आपल्याच हिंगोली जिल्ह्यातली. ग्रुप चालवणारा वसमतचा हरीश. त्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, पण सगळे त्याला हरीशसर म्हणत, कारण कोणत्या सिनेमात कॅमेरा कुणी धरला होता हे त्याला तोंडपाठ. नट मोठा की दिग्दर्शक मोठा यावर तिथं तीन तीन दिवस भांडण चाले. चौथ्या दिवशी कुणीतरी रागावून ग्रुप सोडी आणि पाचव्या दिवशी गुपचूप परत येई.

मी वाचायचो. लिहायचो क्वचित. मला अक्षरं आली ती चाळिशीत, तांड्यावरच्या साक्षरतेच्या वर्गात. माझं एक वाक्य लिहून होईस्तोवर त्यांचा वाद दुसऱ्या सिनेमावर गेलेला असायचा. पण मी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो हे शिलानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळं मान होता. काही अडलं की हरीश लिही, "प्रेमदासकाकांना विचारा. त्यांच्या हातून फिल्म गेलेली आहे."

आषाढात वाद निघाला 'वैजंतीचा संसार'वर. जुना, काळापांढरा सिनेमा. हरीशचं म्हणणं, दिग्दर्शक कच्चा. वैजंती मेली की सिनेमा संपतो, पुढं नुसतं रडणं.

"रडवणं सोपं हाय का? तुमी रडवून दाखवा," तुप्प्याच्या तांड्यावरच्या धर्मसिंगनं लिहिलं.

"माझ्या दुकानात भाव ऐकून गिऱ्हाईक रोज रडतंय," हरीशनं उत्तर दिलं.

तेवढ्यात ग्रुपवर एका बाईचा आवाज आला. बोलून पाठवलेला.

"मी जनकाबाई, डोंगरकड्याची. सुनेच्या मोबाईलवरून बोलून राहिले. हरीशसर, वैजंती मरती ना, तिला जाळतेत ना, त्याच्यानंतर ती परत येती की. चुलीपुढं बसती, भाकर थापती, लेकराला जेवू घालती. घरातलं कुणी विचारत न्हाई, तू कशी आली म्हून. ते तुमी काहून सांगंना?"

हरीशनं लिहिलं, "मावशी, जेवू घालते ते मरायच्या आधी. पूर्ण सिनेमा मोबाईलवर आहे, बघून घ्या."

"पाह्यला. त्यात आधी हाय. पण म्या पाह्यला त्यात नंतर व्हतं."

हसण्याच्या खुणांची रांग लागली. एकानं विचारलं, मावशी, तिचे पाय उलटे होते का?

मी ओट्यावर बसलो होतो. चहा तसाच राहिला. कारण जनकाबाई खरं सांगत होती, आणि ते खरं आहे हे ठाऊक असलेला माणूस, टॉकीजचा मालक वारल्यापासून, जगात मी एकटा होतो.

देविदास, माझा थोरला, जन्मला ते साल शहात्तर. आमचा तंबू डोंगरकड्याच्या बाजारात होता. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आणि हे मालकाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आकडे मी चित्रासारखे ओळखायचो. एक म्हणजे काठी, आठ म्हणजे दोन कडी. रिळांचे डबे गोल, पत्र्याचे, त्यावर रंगानं इंग्रजी आकडा. रोज मालक डबे लावून द्यायचा. त्या दिवशी तो दुसरा सिनेमा आणायला नांदेडला गेला, म्हणून मीच लावले. आता गोल डब्याला वर कुठलं आणि खाली कुठलं? सहा फिरवला की नऊ होतो. डब्यात फितीच्या तोंडाशी अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते वाचता येणाऱ्यासाठी.

संध्याकाळच्या खेळाला सहाच्या जागी नववं रीळ लागलं. वैजंती गेली, चिता पेटली. सातव्या-आठव्यात ती नाहीच, तिथं नवऱ्याची कोर्टकचेरी आहे. मग नवव्याच्या जागी सहावं लागलं, आणि ती चुलीपुढं बसलेली. नंतर दहाव्यात तिच्या फोटोला हार. दुसऱ्या दिवशी मालकानं डबे पाहिले, माझ्याकडं पाहिलं, आणि न बोलता सहाखाली एक रेघ ओढली. तसा खेळ तो एकच झाला.

मला वाटलं होतं, लोक विसरले. पण जनकाबाईचा आवाज आल्यावर दोन दिवसांनी धर्मसिंगनं लिहिलं, "मी पण पाह्यलंय. लहान व्हतो. डोंगरकड्याच्या बाजारात." मग वारंग्याच्या फाट्यावर हॉटेल चालवणारी नीलाबाई म्हणाली, तिनंही पाहिलंय.

हरीश एकदम पेटला. त्यानं भला मोठा मजकूर टाकला. या सिनेमाच्या दोन आवृत्त्या असणार, एक सेन्सॉरनं दाबली असणार, मेलेली बाई घरात वावरते आणि कुणाला काही वाटत नाही, हा विचार त्या काळात करणारा दिग्दर्शक केवढा मोठा! आठ दिवसांपूर्वीचा कच्चा दिग्दर्शक आता जगातल्या मोठ्यांच्या पंगतीला जाऊन बसला. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

मग त्यानं विचारलं, "त्या सीनमध्ये वैजंती बोलते काय? नक्की शब्द सांगा."

धर्मसिंगनं लिहिलं, "धरम्या, वासरू सोडलं का, असं इचारती."

नीलाबाईनं लिहिलं, "न्हाई न्हाई. दार लोटून घे, वारं लागंल, असं म्हणती."

जनकाबाईचा आवाज आला. "ती म्हणती, जनके, मीठ जास्ती झालं का गं?"

मग हरीशनं लिहिलं, "सिनेमात लेकराचं नाव बाळ आहे. ती म्हणते, बाळ, पोटभर जेव. तुम्ही तिघं तीन वाक्यं सांगता, त्यातल्या दोन वाक्यांत तुमचीच नावं. गंमत करता का?"

ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. का, ते पुढं सांगतो.

त्याच आठवड्यात जनकाबाईची सून पुनम हिनं मला एकट्यालाच लिहिलं. "काका, तुम्ही ऑपरेटर होता. आत्याबाईला एकदा समजावून सांगा की असा सीन नाही. दिवसभर तेच चालू आहे. त्यांची आई लहानपणी वारली, ती सिनेमात आली होती म्हणतात. आमचे हे म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं. गल्लीतल्या बायका पण हसून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावरून एसटी धरली.

जनकाबाई दारातच होती. साठीच्या आसपासची, बारीक अंगाची, डोळे स्वच्छ. मुलगा संतराम बैठकीत होता. चांगला माणूस, पण कंटाळलेला.

"सांगा काका तुमीच," तो म्हणाला. "मेलेलं माणूस भाकरी थापतंय व्हय? उद्या नांदेडची वेळ घेतलीय मी."

"वेळ रद्द कर," मी म्हणालो. "तुझ्या आईनं पाहिलं ते बराबर हाय. चूक माझी हाय."

आणि सगळं सांगितलं. सहा आणि नऊ, गोल डबा, न येणारं अक्षर. पुनमनं स्टीलचं ताट आणलं आणि त्यावर बोटानं आकडा काढून ते फिरवून पाहिलं. संतराम आधी हसला. मग आईकडं पाहून त्याचं हसू थांबलं.

"म्हंजे ही खरं बोलून राहिली व्हती."

"व्हय."

"अन् आमी हिला येड्यात काढलं."

"मला काय तकलीफ न्हाई त्याची," जनकाबाई म्हणाली. "पण आता सगळ्यांला सांगा भाऊ. त्या हसणाऱ्यांला."

तिथंच बसून मी ग्रुपवर लिहिलं. अर्धा तास लागला. 'मला वाचता येत नव्हतं. रिळं मी मागंपुढं लावली. जनकाबाई खरं सांगते.' हरीशनं फक्त एवढंच लिहिलं, "काका, तुम्ही आमच्या दिग्दर्शकाला मारलंत." एकानं लिहिलं, अडाणी ऑपरेटर आणि आम्ही यांना मानत होतो. ते पुनमनं मोठ्यानं वाचलं नाही, पण मी वाचलं. आता येतं मला.

संतराम बाहेर गेला, पुनम भाकरी टाकायला उठली, तेव्हा जनकाबाई खाली बसली. आवाज हळू केला.

"भाऊ, रीळ उलटं लागलं, मानलं. पण ती बोलली ते? माझी आई जाऊन तवा महिना झाला व्हता. मी रडायची थांबंना म्हून मामानं तंबूत नेऊन बसवलं. जेवताना आई रोज इचारायची, मीठ जास्ती झालं का गं. तिचा हात सढळ व्हता ना. वैजंतीनं तेच इचारलं. आईच्याच आवाजात, माझं नाव घेऊन. हरीशसर म्हणतेत, सिनेमात तसं न्हाई. तुमी तिथं व्हता. तुमी ऐकलं का?"

मी तिथं होतो. मशीनपाशी. त्या सहाव्या रिळाच्या सुरवातीलाच मशीनमधला आवाजाचा बारका बल्ब उडाला होता. दुसरा बल्ब मालकाच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. खेळ थांबवायची माझी हिंमत झाली नाही. ते रीळ आणि त्यामागचं दहावं, दोन्ही मी मुकी चालवली. वैजंतीचे ओठ हलत होते आणि तंबूत फक्त मशीनची करकर होती. एरवी आवाज दोन क्षण गेला तरी लोक शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घ्यायचे. "आवाज! आवाज!" म्हणून आईबहिणीवर यायचे. त्या संध्याकाळी एक माणूस ओरडला नाही. मी झरोक्यातून पाहिलं होतं. दोनशे माणसं मान पुढं काढून, तोंडं अर्धवट उघडी ठेवून ऐकत होती. काहींचे ओठ हलत होते, जणू कुणाला उत्तर देत होते. मला कुणी बोलल्याचं ऐकू आलं नाही. तेव्हा माझं जवळचं कुणी मेलेलं नव्हतं.

"भाऊ?" जनकाबाई म्हणाली. "ऐकलं का तुमी?"

"ऐकलं बाई," मी म्हणालो. "मीठ जास्ती झालं का, असंच म्हणाली ती."

तिनं मान हलवली. पदर डोक्यावर सारखा केला आणि आत वळून म्हणाली, "पुनम, भाऊला जेवायला वाढ."

बल्बचं मी ना तिला सांगितलं, ना ग्रुपवर लिहिलं. रूपाबाईलाही नाही. आता लिहून ठेवतो आहे, कारण हे ऐकून जिचं काही गेलं असतं ती राहिली नाही. जनकाबाई डोंगरकड्याला, आपल्या घरी, ७ फेब्रुवारी २०२४ रोजी, बुधवारी सकाळी वारली.