नवरदेव कपडे बदलेपर्यंत

गव्हाचं पोतं उतरवता उतरवता छगन जे बोलून गेला, ते ऐकून कौतिकने चालत्या चक्कीचा पट्टा काढला. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याने असं कधी केलं नव्हतं.

"परत सांग," तो म्हणाला.

"जीवराम मास्तरनं हाई शेवटलं लगीन शे. दात पडनात त्यासना. आते बँड बंद."

छगनच्या पुतणीचं लग्न इथेच, पारोळ्यात होतं आणि लग्नाच्या पंगतीतल्या बट्टीसाठी गहू जाडसर दळून हवे होते. गावातली लग्नं कौतिकला पत्रिका छापायच्या आधी कळत, कारण बट्टीचं दळण त्याच्याच चक्कीवर येई. गहू मापून घेताना तो एकच चौकशी करी, बँड कोणाचा? मास्तरांचा असला की त्या संध्याकाळी चक्की बंद आणि धुतलेला सदरा चढवून स्वारी बिनबोलावता वरातीच्या कडेने चालू लागे. त्याची बायको कलाबाई सगळ्या पेठेला सांगायची की आमच्या ह्यांचं दुसरं लग्न मास्तरांच्या क्लॅरिनेटशी लागलंय. तो हसून घ्यायचा. मात्र बोलावणं नसलेल्या लग्नात तो कधी जेवला नाही. तेवढा ताठा त्याने जन्मभर सांभाळला.

मारुतीच्या पारावर नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि मुलीकडचे त्याला नवे कपडे देतात. तो ते घालेपर्यंत नाचणारे दम खातात, म्हातारे तंबाखू मळतात. बँडकडे कुणाचं लक्ष नसतं. नेमक्या त्या वेळात मास्तर स्वतःची एक संथ चाल वाजवायचे. ती सिनेमातली नव्हती, कुणाच्या फर्माइशीची नव्हती. खालून हळूहळू चढत जायची, वर जराशी रेंगाळायची आणि मग अशी उतरायची की दिवसभर चक्कीच्या घरघरीने बधिर झालेले कौतिकचे कान धुऊन निघायचे. ती त्याला आणखी एकदा ऐकायची होती. मागणी एवढीच, पण तिच्यापायी त्याचं दळणात लक्ष लागेना.

लग्नाच्या दिवशी पोरांनी नाचाची गाणी मागून मागून मास्तरांना पार थकवलं. पाराशी पोचेस्तोवर म्हाताऱ्याचे गाल आत गेले होते. नवरदेव उतरला. मास्तरांनी उपरण्याने ओठ पुसले आणि चाल धरली. ती चढली, पण वर रेंगाळायच्या जागी नुसती हवा निघाली. त्यांनी डोळे मिटून पुन्हा फुंकर घातली, पुन्हा तेच. मग वरचा सगळा भाग सोडून ते थेट उतरणीला लागले. ढोलवाल्याने ताल सांभाळून घेतला. कुणाला काही कळलं नाही. टाळ्या पडल्या, त्या नवरदेवाच्या फेट्याला.

 अक्षता पडल्यावर कौतिक नेहमीसारखा घराकडे वळला, तेवढ्यात मागून कुणी तरी त्याचा दंड धरला. मास्तर होते. इतक्या वर्षांत दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"चक्कीवाला ना तू? दर येळे पारजोडे उभा ऱ्हास."

कौतिकने मान हलवली.

"आज चालनं मझारलं गयं. तुले कळनं का?"

नाही म्हणणं सोपं होतं, म्हाताऱ्याचं मनही राखलं गेलं असतं. पण ज्याचं वाजवणं इतकी वर्षं जीव लावून ऐकलं, त्याच्याशी शेवटच्या दिवशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"कळनं, मास्तर. वरलं बठ्ठं गयं."

 मास्तरांचा चेहरा सैल झाला.

"बरं झायं," ते म्हणाले. "माले वाटे, कोनी ऐकतच नही."

त्यांनी कौतिकला मांडवामागे ओढतच नेलं. तिथे बँडवाल्यांची पंगत बसत होती, सगळ्यांत शेवटची. आपल्याला बोलावणं नाही, असं कौतिक पुटपुटला. मास्तर म्हणाले, बँडवाल्यांना तरी कोण बोलावतं, त्यांना सुपारी देतात.

पत्रावळीवर बट्ट्या पडल्या. लग्नघरचं बोलावणं नसताना आपल्या चक्कीचं पीठ कौतिक पहिल्यांदाच खाणार होता. शेजारी मास्तर बट्टी हातात धरून नुसते बसले होते. तळलेली कडक बट्टी हिरड्यांनी फुटत नव्हती. कौतिकने ती त्यांच्या हातातून घेतली, कुस्करून अगदी बारीक केली, वर वरण ओतलं, तूप घातलं आणि पत्रावळ त्यांच्यासमोर सरकवली. मग दुसरी कुस्करायला घेतली.

मास्तर जेवून उठेपर्यंत त्याने आपल्या पानाला हात लावला नाही.