आईचा सीनियर

किडनीच्या वॉर्डात नर्सची नोकरी करता करता आईच्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला होता. एकाच औषधाने एका पेशंटची सूज उतरते, मग शेजारच्याची का उतरत नाही? शेवटी तिने पीएचडीसाठी अर्ज केला, तोही मुलगा जिथे संशोधन करत होता त्याच विभागात.

"दुसरीकडे बघ ना," मुलगा कुरकुरला. "सगळे माझी चेष्टा करतील."

"मी ओळखच दाखवणार नाही," आई म्हणाली.

मुलाखतीत तिने आपला प्रश्न इतका रंगवून सांगितला की परीक्षक ऐकतच राहिले. उठता उठता एका परीक्षक बाईंनी विचारलं, "विभागात कुणी ओळखीचं आहे का?"

आईला खोटं बोलवेना. "एक सीनियर आहे. हुशार आहे, पण चहाचा कप कधी विसळत नाही."

"अशी तक्रार आईच करते. म्हणजे तो तुमचा मुलगा?" बाई हसत सुटल्या. त्या कपांनी सगळा विभाग वैतागला होता.

आईची निवड झाली. पहिल्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत होती, तेवढ्यात मुलगाच मित्रांना घेऊन आला.

"ही माझी आई," तो म्हणाला. "आजपासून आमच्यात आहे."