बिनवासाचा तोकोश

खड्ड्यावरचे दगड आम्ही दोघींनी उचलले, वरचं कुजकं गवत बाजूला सारलं, आणि असा वास उसळला की ओढ्यापलीकडं चरणाऱ्या मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या.

"आला गं बाई, आला!" मातिल्दे खुशीत आली. "औंदाचा तोकोश झकास जमलाय बघ, दोमितिला. नाक फाटाया पायजे, तवाच तो खरा."

तोकोश म्हणजे आमचा कुजवलेला बटाटा. ओढ्याच्या काठाला खड्डा काढायचा, गवत अंथरायचं, बटाटे भरायचे, वर दगड ठेवायचे आणि मधून गार पाणी खेळतं ठेवायचं. वर्ष संपत आलं की काढायचा. आमचं गाव शायापाता, बर्फाच्या डोंगराखाली. इथं एका रात्रीत हिव पडतं आणि उभं पीक काळं होतं, पण खड्ड्यातला बटाटा कुणाच्या बापाला भीत नाही. गूळ-दालचिनी घालून त्याची खीर केली की बाळंतीण उठून बसते म्हणतात. खिरीनं बसते की वासानं, ते देव जाणे.

मातिल्देची लेक ग्रिसेल्दा काठावर बरणी घेऊन उभी होती. राजधानीच्या विद्यापीठात ती डॉक्टर व्हायला लागली होती. सुई टोचणारी नव्हे, शेतीतली. टिकाऊ शेती आणि अन्न टिकवायची विद्या, असलं काहीतरी. आणि पोरीला काम काय नेमून दिलेलं? ह्या बटाट्याचा वास घालवायचं!

"वास घालवून करनार काय त्याचं?" मी विचारलं.

"सर म्हनत्यात, वास गेला की शहरातली मानसं खातील, काकू. देशभर खपंल."

"गाढवाचं कान कापलं म्हनून त्याचा घोडा हुतो व्हय?"

"आता तू बी सुरू झालीस!" ती चिडली. "परवा सर येत्यात. बिनवासाचा तोकोश गावाला चाखायला देनार. तवा जे खरं वाटंल तेच बोला, एवढंच माझं मागनं हाय."

खरं बोला! आमच्या गावाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शायापातात संशोधक येतात ते मेंढरांवर गोचीड यावेत तसे. एकानं बिनधुराची चूल दिली. तिच्यात मांजर व्यायली. दुसरीनं उन्हात भाजी वाळवायची काचेची पेटी दिली. तिच्यात आमच्या मुखियाच्या, इलारियोच्या, कोंबड्या अंडी घालतात. पण कुणी विचारायला आलं की सारं गाव एका सुरात म्हणतं, "लई ब्येस!" पाहुणा डोंगर चढून, धापा टाकत येतो. त्याचं मन कशाला मोडायचं?

ग्रिसेल्दाची गोष्ट वेगळी. घरचा जोगी जोगडा. तिनं कागद काढून विचारलं, "काका, आठवड्यात भाजी किती वेळा खाता?" की इलारियो म्हणायचा, "ए नाकपुसे, काल तुमच्याच चुलीपुढं जेवलोय. जा, आईला इचार." तिला खोटं सांगायचे कष्टही कुणी घेत नसे.

मातिल्देला मात्र लेकीच्या डॉक्टरकीचा घोर लागलेला. सर नाराज झाले तर? दुसऱ्या दिवशी बटाटे काढायचे सोडून ती घरोघर फिरली. माझ्याही दारात आली.

"दोमितिला, उद्या 'ग्वाड हाय' म्हन."

"पोरगी तर म्हनती, खरं बोला."

"तिला काय कळतंय? नवरा न्हाय केला, मूल न्हाय, सगळी उमर त्या बरण्यांत घातली. एक येळ खोटं बोललीस तर जिभंला भोकं पडनार हायती का तुझ्या?"

मग मी म्हणाले, "बरं." सगळ्यांनीच म्हटलं.

ग्रिसेल्दाचे सर, डॉक्टर बायेस्तेर, आले ते ट्रकमधून, डोंगराच्या उंचीनं ठणकणारं डोकं धरून. उंचीवर उतारा म्हणून आम्ही कोकाची पानं चघळायला दिली तर म्हणाले, "नको, मी शास्त्रीय माणूस आहे," आणि शाळेच्या पायरीवर आडवे झाले. उठल्यावर भाषण केलं. टिकाऊपणा, सहभाग, पोषण. आम्ही योग्य जागी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत जागा पाठ झाल्या होत्या.

मग वाट्या आल्या. पांढरी, गुळगुळीत खीर. नाकाजवळ नेली तर नुसती वाफ. तोंडात घातली तर वाटलं, ओली भिंत चाटतेय.

"अमृत!" इलारियो म्हणाला.

"झकास!" मी म्हणाले.

"माझ्या म्हाताऱ्यानं अजून दोन वर्सं काढली असती असलं खाऊन," मागून कुणीतरी म्हणालं.

बायेस्तेर सरांचं डोकं उतरलं, चेहरा फुलला. ग्रिसेल्दाच्या भुवया मात्र चढल्या.

"इलारियो काका, खरं सांगा."

"खरंच सांगतोय, डॉक्टरीनबाई."

"मी डॉक्टरीनबाई? काल सांजच्याला 'नाकपुसे' म्हनत हुता!"

इलारियोनं वाटीत तोंड खुपसलं. ग्रिसेल्दानं आईकडं बघितलं. मातिल्दे आकाशाकडं बघायला लागली. वर बघण्यासारखा एक ढगही नव्हता.

पोरगी मागं गेली. परवाच्या खड्ड्यातल्या तोकोशाच्या खिरीचं पातेलं आईनं पाहुण्यांच्या नाकापासून लांब, शाळेमागं झाकून ठेवलं होतं. ते तिनं उचलून आणलं आणि सरांच्या पातेल्याशेजारी ठेवलं. झाकण काढलं. बायेस्तेर सर दोन पावलं मागं सरले.

"आता घरी न्यायला घ्या," ती म्हणाली. "ज्येला जो पायजे तो."

गाव जागच्या जागी चुळबुळलं. पण वास वाऱ्यावर पसरला होता आणि लोक भल्या पहाटेपासून उपाशी होते. आधी एक म्हातारी सरकली, मग इलारियो, मग झुंबड. सगळी आईच्या पातेल्याकडं! मीसुद्धा, खोटं कशाला सांगू. सरांच्या पातेल्यापुढं एकटी मातिल्दे उभी राहिली. तिनं काठोकाठ वाडगं भरून घेतलं आणि लेकीची नजर चुकवून तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं.

"हे आपल्या आराखड्यात नव्हतं," बायेस्तेर सर कडवट म्हणाले. "लोकांनी तोंडानं पसंती दिली. तेवढंच लिही."

"दोन्ही लिहीन, सर."

"मग हा प्रबंध माझ्याविरुद्धच होईल."

"प्रबंध बटाट्यावर हाय, सर."

तोंडी परीक्षा शहरात, मोठ्या दालनात झाली. कुणीही येऊन ऐकावं अशी रीत होती, म्हणून मातिल्दे आणि मी बसनं गेलो. तीन परीक्षक उंच खुर्च्यांवर. ग्रिसेल्दा समोर एकटी. बायेस्तेर सर कडेला, हाताची घडी घालून. त्यांच्या बिनवासाच्या तोकोशाच्या पुड्यांवर रंगीत चित्रंसुद्धा छापून झाली होती.

मधल्या परीक्षिकेनं चष्मा काढला. "सगळ्यांनी छान म्हटलं आणि जवळजवळ कुणीच नेलं नाही. मग खरं काय मानायचं? तुमची पाहणीच कच्ची दिसते."

ग्रिसेल्दाला कारण ठाऊक होतं, पण आईचं नाव भर सभेत कसं घ्यायचं?

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मातिल्दे उभी राहिली होती, टोपी छातीशी धरून.

"बाईसाहेब, पाहनी पक्की हाय. मानसं मी कच्ची केली. घरोघर फिरून मीच सांगितलं, ग्वाड म्हना म्हनून."

"तुम्ही कोण?"

"तिची आई."

"आणि तुम्ही असं का केलंत?"

"तुमच्यापायीच की! ती म्हनती, खरं बोला. पन तुम्हास्नी खरं चालतं का, ते कुनाला ठावं हुतं?"

मागं विद्यार्थी हसले. परीक्षक हसले नाहीत. बराच वेळ कुजबुजले आणि निकाल दिला: चाखण्याचा प्रयोग परत करा, दुसऱ्या गावात, जिथं तुमची आई नाही.

बाहेर पायरीवर दोघी मायलेकी बसल्या. मला वाटलं, आता भांडण पेटणार.

"सगळ्यांदेखत बोलायला भ्या न्हाय वाटलं?" ग्रिसेल्दानं विचारलं.

"वाटलं की. पन तू पार एकलीच उभी हुतीस गं."

लेकीनं आईची टोपी घेतली, झटकली आणि तिच्या डोक्यावर नीट बसवली. बास, एवढंच.

दुसरं गाव निघालं कोचाराय, माझं माहेर. भावाचे बटाटे काढायला मी गेलेच होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. ग्रिसेल्दा वाट्या घेऊन आली आणि कोचारायनं तिला हुबेहूब आमच्यासारखं वागवलं.

"अमृत!" मुखिया म्हणाला.

"लई ब्येस, डॉक्टरीनबाई!" बाकीचे म्हणाले. इथं ती परकी होती ना!

त्या कागदावर ती तशीच परत गेली असती तर डॉक्टर झाली असती, आणि सरही खूश. पण तिनं कागद पिशवीत कोंबला आणि लोकांच्या वावरात उतरली. काळी, घट्ट माती. सकाळी गोठलेली, दुपारी चिकट. नोल्बेर्ता नावाची खाष्ट म्हातारी होती, तिच्या सरीत ही टिकाव घेऊन उभी राहिली. तळहात फुटले, ओठ फुटले. सुरुवातीला म्हातारी तिला "बाईसाहेब" म्हणायची. मग "पोरी" म्हणायला लागली. एके दिवशी टिकाव चुकून चांगला बटाटा फुटला, तेव्हा म्हणाली, "आंधळे!" मी मनात म्हटलं, जमतंय.

काढणी सरत आली तेव्हा बांधावर तिनं परत वाट्या भरल्या. नोल्बेर्तानं एक घोट घेतला, गालात फिरवला आणि पचकन मातीत थुंकला.

"काय गं ए टवळे! दिसभर माझ्या जोडीला राबतीस आन् वर हे भिंतीचं धुवन पाजतीस? तोकोश म्हनत्यात ह्येला? वास न्हाय त्यो तोकोश कसला? डुकरापुढं ठेव... न्हायतर नगं, डुकरानं काय पाप केलंय!"

ग्रिसेल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. फुटक्या ओठांनी ती हसली आणि मातकट हातांनी पिशवीतून कागद शोधायला लागली.

"आजी, थांब, थांब. परत म्हन. सगळं लिहून घेते."

"लिव्ह! टवळे बी लिव्ह!"

मग बाकीच्यांनाही जोर चढला. कुणी सरांचा उद्धार केला, कुणी विद्यापीठाचा, आणि मुखियानं तर आधी स्वतःच 'अमृत' म्हटलं होतं त्याबद्दल स्वतःलाच शिवी घातली. पोरगी बांधावर मांडी घालून बसली होती आणि एकेकाला हात जोडून सांगत होती, "हळू बोला, एकदम नगं, एकेकानं शिव्या घाला."