सपाट आवाजातला शेवटचा दिवस

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेचा नियम एकच होता: वाचणाऱ्याने नुसतं वाचायचं, हसायचं-रडायचं ते ऐकणाऱ्याने. तीन प्रयत्नांत सपाट वाचता आलं तर नोकरी, नाहीतर नारळ.

नोकरीसाठी आलेल्या ताईंचे दोन प्रयत्न वाया गेले होते. आणि दोष सगळा पुस्तकाचा! महायुद्धानंतरचा विलायतेतला तो क्रिकेटचा दौरा. रेशनवर जगणारी माणसं पहाटेपासून तिकिटाच्या रांगेत. पाहुण्यांचा संघ अख्ख्या हंगामात एकदाही न हरलेला आणि आज, शेवटच्या दिवशी, पुढ्यात धावांचा डोंगर. असलं काही थंडपणे वाचायला माणूस दगडाचा हवा. पहिल्या वेळी ताई चौकारावर ओरडल्या. दुसऱ्या वेळी ओरडल्या नाहीत, पण टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा पेला आडवा झाला.

काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. काचेअलीकडे, ताईंच्याच खोलीत, कोपऱ्यात परीक्षक बसले होते, मास्तर. जन्मापासून अंध, वीस वर्षांत जेमतेम नऊ वाचक पास केलेले. चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ.

"ताई, हा शेवटचा," ते म्हणाले. "मॅच तुम्ही जिंकायची नाहीये. नुसती वाचायची आहे."

ताईंना ही नोकरी हवीच होती. कापडाच्या दुकानात दहा-दहा तास उभं राहून टाचा कामातून गेल्या होत्या, आणि इथे चक्क बसून वाचायचा पगार! त्यांनी एक हात मांडीखाली दाबला आणि घरपट्टीची नोटीस वाचावी तसं वाचायला घेतलं. छातीत धडधड, आवाज मात्र इस्त्री केलेला. पंधरा धावा हव्यात. नऊ. चार. ध्वनिमुद्रक खूश होऊन मान डोलवू लागला.

"फलंदाजाने पाऊल पुढे टाकलं. चेंडू उंच गेला. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक त्याच्याखाली धावला."

पान संपलं. पान उलटलं की मनात पाच आकडे मोजून थांबायचं, म्हणजे कागदाची खसखस नंतर कापता येते. ताई मोजू लागल्या. एक. दोन. तीन.

"अहो, घेतला की सुटला? बोला ना लवकर!"

मास्तर उभे होते. काठी कुठल्या कुठे गेली होती. ध्वनिमुद्रक तोंड दाबून खुर्चीत वाकला होता. तिसरा प्रयत्नही मातीत गेला होता, पण या खेपेला ताईंनी काही केलं नव्हतं.

"सुटला!" ताई ओरडल्या. नियम गेला खड्ड्यात. "सुटला आणि चार गेले! जिंकले, मास्तर, जिंकले!"

मास्तर मटकन खाली बसले. घाम पुसला.

"उद्या दहाला कामावर या," ते म्हणाले. "हे पान पुन्हा वाचावं लागेल. मी बाहेर बसेन."