रादिशाचा आठ मीटरचा पंप

रादिशाचं घर दुमजली, पण वावर फक्त खाली. वरचा मजला त्याने दोन मुलांसाठी बांधला होता. मुलं व्हिएन्नात कायमची राहिली. खोल्या तापवणारे गरम पाण्याचे वरचे आठ रेडिएटर चाव्या बंद करून भिंतीवर टांगलेले, खालचे सहा तेवढे तापणारे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला धाकटा वितोमिर. त्याचे दोन्ही मजले नातवंडांनी भरलेले, आणि तीन हिवाळे त्यांची म्हातारी आई स्तानोय्काही तिथेच.

हे रादिशाला आतून कुरतडत होतं. वितोमिरच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला, तरी याचा घास कडू व्हायचा.

यंदा आई म्हणाली होती, "घर उबदार असेल तर संत निकोलाच्या सणाला तुझ्याकडे येते. उन्हाळ्यापर्यंत राहते." कुळाचा संत एकच, त्यामुळे सण दोन्ही भावांकडे एकाच दिवशी. आई कुणाच्या मेजाशी बसते, हे सारं गाव बघतं.

नेमका रेडिएटरांत पाणी फिरवणारा रादिशाचा जुना पंप अडकला. ओब्राद मिस्त्री आला तेव्हा मी, गावच्या चर्चचा गायक, तिथेच होतो.

"चालू रेडिएटर किती?"

"वितोमिरकडे कुठला पंप बसवलास?"

"मी रेडिएटर विचारले, भाऊ नाही विचारला."

"चौदा."

"त्याच्याकडे सोळा. पाण्याला सहा मीटरचा जोर देणारा पंप आहे."

"मग मला आठचा दे."

"अरे बाबा, चौदाच्या चौदा चालू असतात ना? नाहीतर एवढा जोर थोड्याच नळ्यांत कोंबला जाईल आणि त्या शिट्ट्या मारतील."

"असतात!" आणि वर छातीवर क्रॉसची खूण केली. खरं मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. देवाच्या दारी गाणाऱ्या माणसाने असं गप्प बसू नये.

सणाच्या सकाळी पाद्रीबाबा आणि मी वितोमिरकडचं आटोपून रादिशाकडे आलो. दारातच त्याने माझी बाही धरली.

"तिकडे किती पाहुणे होते?"

"होते बरेच."

"आईबद्दल विचारलं कुणी?"

"अरे, आत तरी येऊ दे!"

आई मेजाच्या वरच्या बाजूला, अंगात कोट नाही. रादिशाचा चेहरा असा फुललेला, की राग धरवेना. पाद्रीबाबांनी सणाचा गोल पाव हातात घेतला, आम्ही चौघांनी रिवाजाप्रमाणे तो धरून फिरवायला सुरुवात केली आणि मी स्तोत्र उचललं. तोच तळघरातल्या पंपाने पूर्ण जोर धरला आणि भिंतीतून शिट्टी निघाली. सहाही रेडिएटर एका सुरात किंचाळू लागले. मी स्वर चढवला, तर पाद्रीबाबांनी त्याहून वर चढवला. पाहुणा म्हणून आलेला ओब्राद मिस्त्री कोपऱ्यातून ओरडला, "सहाच! सहाच चालू आहेत याचे!"

"रादिशा," आई म्हणाली, "तुझ्या बापाच्या संताचं स्तोत्र आहे हे. मला एक अक्षर ऐकू येत नाही."

तो तळघराकडे धावला. पंप थांबला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून गायलो. म्हातारीने डोळे मिटले; तिचे ओठ आमच्याबरोबर हलत होते. ते गाणं मला शेवटपर्यंत आठवेल.

जेवणानंतर पंप चालू केला, पुन्हा तेच. आई उठून कोट शोधू लागली. "वितोमिरकडे जाते रे. मला इथे नीट प्रार्थना करता येणार नाही."

रादिशा दारात आडवा उभा राहिला. सगळ्यांच्या देखत त्याला बोलावं लागलं. "मिस्त्री, वरचे बंद आहेत. मी खोटं बोललो. सहांना पुरेल असा दे."

"चारचा."

"वितोमिरपेक्षा लहान?"

"तुझं घर लहान आहे रे, दादा."

तो खाली मान घालून म्हणाला, "बरं. चारचा दे."

गुरुवारी पंप बदलला, शनिवारी आई वितोमिरकडून तिचं गाठोडं घेऊन आली. मी विचारपूस करायला गेलो, तेव्हा घर कसं शांत, ऊबही अगदी अंगाला हवी तेवढीच. म्हातारी खिडकीशी फोन लावून बसली होती. "वितोमिर, मुलं जेवली का? धाकट्याचा खोकला गेला?"

रादिशा चुलीपाशी मासा तळत होता. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "सकाळपासून चौथा फोन आहे हा. मोजतोय मी."