छप्पनची काठी

गंजलेल्या काठीचं लोखंडी तोंड पायाच्या अंगठ्याखाली दाबून केशरबाई त्यावर चिंच आणि विटकरीचा भुगा घासत होती. हाताबरोबर तोंडही चालू होतं.

"आनायची हौस लई, राखायची अक्कल न्हाई. अजून आनून महिना झाला न्हाई, आन् तोंडावर बघ कसा तांबेरा धरलाय. ह्याच्या बापाच्या खुरप्याला कदी गंज दिसला न्हाई कुनाला."

"आत्याबाई, त्यांना विचारून तरी घासा," जयमाला चुलीपुढून म्हणाली. थापलेली भाकरी तव्यात टाकून तिनं सासूकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पीठ ओढलं.

"भांडं घासायला भांड्याला विचारत्यात का?"

योगेश केशरबाईचा एकुलता एक. भिंगारला लष्कराच्या हद्दीत गोल्फचं मैदान आहे, तिथं साहेबांच्या पिशव्या खांद्यावर वाहण्यात त्याची उमर गेली. कॅडी म्हणतात त्यांना. साहेब खेळून घरी गेले की उरलेल्या उजेडात तोही खेळायचा आणि बरा खेळायचा. आता मैदानावर बॅटरीच्या गाड्या आल्या होत्या. पिशवी गाडीत, साहेब गाडीत, कॅडी झाडाखाली. सेक्रेटरी साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की पुण्याला खेळून दाखवायची परीक्षा असते, ती पास हो, मग तुला इथं शिकवायला ठेवतो. परीक्षा येत्या रविवारी होती. झाला तर मास्तर, नाही तर झाडाखाली.

लांबचे फटके त्याचे सरळ जायचे. घोडं अडायचं ते चेंडू घालायच्या भोकातला झेंडा जवळ आल्यावर. तिथं लागणाऱ्या आखूड, तिरक्या तोंडाच्या काठीला वेज म्हणतात, आणि त्या वेजनं त्याची झोप खाल्ली होती. जुन्या वेजच्या तोंडावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या म्हणून ती गेली. दुसरी आणली, तिचं बूड रुंद निघालं, नगरच्या कडक जमिनीवर ती उसळायची. तीही गेली. आता ही, तोंड छप्पन अंशात कललेली. जेवता जेवता तो उठायचा, फरशीवर काठी टेकवून उभा राहायचा, मूठ आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. ताटातलं कालवण निवून जायचं. घरात भुंगा शिरल्यासारखं झालं होतं.

केशरबाईनं काठी लख्ख केली, फडक्यानं कोरडी केली आणि हंगाम संपल्यावर विळ्याला लावतात तसं तिच्या तोंडाला बोटानं करडईचं तेल चोळलं. चेहरा दिसेल असं लोखंड झालं. तिनं ते जयमालाला दाखवलं आणि काठी पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेश आला तो पिशवी बाजेवर आदळतच. पाणीसुद्धा प्यायला नाही.

"ही पण बदलतो. दुकानदाराला सांगून ठेवलंय, साठ अंशाची पाठव म्हणून."

"का? हिनं काय घोडं मारलं तुजं?"

"चेंडू थांबतच नाही. हिरवळीवर पडतो आणि साबणावर पडल्यासारखा निसटून जातो." बोलता बोलता त्यानं काठीच्या तोंडावरनं बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग आईकडं बघितलं.

"आई, तेल कोणी लावलं ह्याला?"

"मी. गंजत ठिवू व्हय?"

योगेश मटकन बाजेवर बसला आणि हसायला लागला. कितीतरी दिवसांनी तो असा हसत होता.

"अगं, ही गंजू द्यायचीच असते. वरचा मुलामा मुद्दाम देत नाहीत हिला. तोंड खरखरीत राहिलं की चेंडू धरून ठेवते म्हणतात. त्याला तू तेल चोपडलंस."

"गंजायची वस्तू इकत आनतोस तू, आन् अक्कल माजी काढतोस."

जयमालानं पदर तोंडाला लावला. योगेश मात्र हात धुऊन जेवायला बसला आणि मागून घेऊन जेवला. कारण सापडलं होतं. काठीत खोट नव्हती, हातात नव्हती, तेलात होती. त्याला असं जेवताना बघून केशरबाईला बरं वाटलं पण डोक्यावर फुटलेलं खापर काही रुचलं नाही. तिनं स्वतःच काठी मोरीत नेली, भांड्याच्या साबणानं आणि जुन्या ब्रशानं रेघ न् रेघ धुतली.

"चल, मी येते. बघू दे मला आता कसा थांबत न्हाई त्यो."

मैदान तिनं जन्मभर कुंपणाच्या बाहेरूनच बघितलं होतं. संध्याकाळी आत पाय टाकला आणि सरावाच्या हिरवळीच्या कडेला, लिंबाखाली ती उकिडवी बसली. योगेशचा जोडीदार गोरक्ष तिथंच रिकामा उभा होता. त्याचीही पिशवी आज गाडीतनं गेली होती.

योगेशनं चेंडू ठेवला. झेंडा हाकेच्या अंतरावर होता. त्यानं मारला. चेंडू झेंड्यावरनं पलीकडं घरंगळत गेला.

"अजून तेल राहिलंय कुठंतरी." त्यानं काठीचं तोंड सदऱ्याला पुसलं.

दुसऱ्या वेळी काठी चेंडूच्या मागं मातीतच रुतली. चेंडू दोन हात सरकला.

"बूडच बरोबर नाही हिचं."

"काकू, तुमी बसल्यात म्हनून घाबरलंय त्ये," गोरक्ष म्हणाला.

"माज्या पोटात हुता तवा घाबरला न्हाई, आता घाबरंल व्हय?"

पलीकडच्या बाजूला कोणी साहेब खेळत होते. फटक्याचा आवाज झाला. योगेश खाली बघून काठी पुसत होता, त्याची मान झटक्यात वर आली, फिरली आणि थांबली.

"डाव्या बाभळीच्या बुडाशी, साहेब. गवतात."

साहेबांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि गाडी बाभळीकडं वळवली.

"असं हाय बघा ह्याचं," गोरक्ष कौतुकानं म्हणाला. "फटक्याचा आवाज झाला न झाला की हा बघून ठिवतो, कुठं पडनार त्ये. एक चेंडू हरवू दिला न्हाई आजवर. साहेब लोक नाव घिऊन मागायचे ह्याला."

केशरबाईचा ऊर भरून आला. ती पोराच्या मानेकडं बघत राहिली.

"मार परत," ती म्हणाली.

योगेशनं मारला. या खेपेला तिनं चेंडूकडं बघितलंच नाही. काठी अजून चेंडूपर्यंत आली नव्हती आणि योगेशची हनुवटी वर गेली होती. हात इथं राहिले होते, डोळे झेंड्यापाशी जाऊन पोचले होते.

"आनि येक."

तसंच. मान आधी, काठी मागून. चेंडू घरंगळत गेला.

योगेशनं खिशातनं मोबाईल काढला. "साठचीच सांगतो. उद्या हातात पडली तर दोन दिवस तरी मिळतील."

केशरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. लुगडं झटकलं. हिरवळीच्या कडेला चपला काढल्या, ओसरीवर चढताना काढाव्यात तशा, आणि अनवाणी चालत झेंड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"काकू, तिकडं नगा, लागंल," गोरक्ष ओरडला.

तिनं ऐकलं नाही. कपाळावर हात आडवा धरून ती पोराकडं बघत होती. योगेशचा अंगठा मोबाईलवर थांबला.

"योगेश, ठिव त्यो मोबाईल. काठी चांगली हाय. तुजा हात बी चांगला हाय. पन तू अजून चाकरीवरच हायेस. चेंडू सोताचा मारतोस, आन् सायबाचा असल्यावानी हुडकायला पळतोस. खाली बघ आन् मार. कुठं पडला त्ये मी सांगते."